मधलं फाटक

आमच्या वॉरिंडीत जानेवारीत, म्हणजे भर उन्हाळ्यात, उकडतं आणि मर्ल टॉन्किनला राग येतो, या दोन गोष्टींची बातमी कोणी कोणाला देत नाही. शहात्तर वर्षांची ही बाई गावापासून तीस किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी, दोनशे मेंढ्या, पाच मेंढे आणि एक बहिरं कुत्रं घेऊन एकटी राहते. नवरा कॉलिन जाऊन नऊ वर्षं झाली. तो होता तेव्हा निम्मा राग त्याच्यावर खर्ची पडायचा. आता सगळाच शिल्लक राहतो, आणि तो बाहेर येतो.

गुलाबी काकाकुवे छपरावर बसून टीव्हीची वायर कुरतडतात, त्याचा राग. टीव्ही लागलाच तर त्यातला माणूस दात काढत सांगतो, "रविवारी पाऊस नाही, मजा करा!" त्याचा त्याहून मोठा राग. सात महिने थेंब नाही आणि हा मजा करायला सांगतो! टेलिफोन दुरुस्तीवाली मुलगी विचारते, तुमच्या घराजवळचा चौक कोणता? चौक! मर्लच्या घराजवळ सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे क्लेम नोस्केची पवनचक्की, तीही अकरा किलोमीटरवर. रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, एवढाच काय तो आमच्याकडचा शिष्टाचार. तेवढंही ज्याला जड होतं त्याचं नाव मर्ल वर्षभर घेत नाही. आणि शहरातून आलेला माणूस तिच्या अंगणात उतरून, डोळे मिटून, "अहाहा, किती शांत आहे हो इथं," म्हणाला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. पंप ठोकतोय, कावळे कोकलतायत, मेंढ्यांनी बोंब मारलीय, आणि याला शांत वाटतंय.

पण हे सगळं किरकोळ. खरा राग फाटकांचा.

डांबरी रस्त्यावरून डोंगरातल्या घळीकडे जाणारी सरकारी वाट मर्लच्या रानातून जाते. वाटेवर तीन फाटकं. डांबरीजवळचं बाहेरचं, मग मधलं, मग घराजवळचं आतलं. घळ बघायला येणाऱ्या कोणालाही वाट मोकळी आहे, अट एकच, आणि ती आमच्याकडची पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. लावलेलं असेल तर उघडा, गाडी काढा आणि पुन्हा लावा. उघडं असेल तर हात लावू नका. कोणीतरी काहीतरी विचार करून ते तसं ठेवलेलं असतं. तो विचार काय, हे तुम्हाला कळायची गरज नाही.

मर्लनं बाहेरच्या फाटकावर पत्रा ठोकून त्यावर रंगानं लिहिलं होतं, "फाटक जसं असेल तसं ठेवा." पुढच्या वर्षी खाली भर पडली, "म्हणजे काय ते कळत नसेल तर परत जा." मग, "मेंढ्यांचे फोटो काढायला त्यांना पळवू नका." मग, "शांत आहे हे मला सांगायला येऊ नका." पत्रा भरला तेव्हा तिनं दुसरा ठोकला. लोक थांबून त्या पत्र्यांसमोर हसत हसत फोटो काढायचे आणि फाटक सताड उघडं टाकून पुढं जायचे.

मर्लची मुलगी ग्लेनिस दोन तासांवर, समुद्राकाठच्या शहरात राहते. शाळेच्या कचेरीत काम करते. स्वभाव बापाचा, चिकाटी आईची. गेल्या हिवाळ्यात मर्ल शेडजवळ पाय घसरून पडली, मनगट मोडलं, आणि चार तास तिथंच पडून राहिली. तेव्हापासून ग्लेनिसनं एकच धोशा लावला. तिनं शहरात वयस्कांच्या वसाहतीत एक खोली बघून ठेवली, आईचं नाव यादीत घातलं, आणि मग आईला सांगितलं. त्या दिवशी फोनवर जे झालं ते क्लेमला अकरा किलोमीटरवर ऐकू आलं असं क्लेम सांगतो.

शेवटी तह झाला. मर्ल म्हणाली, "एक वर्ष दे. माझ्या हातून चूक होऊन एक जरी मेंढी मेली ना, तर मी स्वतः येऊन घराच्या चाव्या तुझ्या हातात देते. तोवर त्या खोलीचं नाव काढायचं नाही."

"शब्द?"

"शब्द."

मर्लनं दिलेला शब्द आजवर मोडलेला नव्हता. कॉलिनला लग्नाला हो म्हणाल्याचा तिला अठ्ठेचाळीस वर्षं पश्चात्ताप होता असं ती म्हणायची, पण तोही शब्द तिनं पाळला होता. ग्लेनिस गप्प बसली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पारा शेहेचाळीसवर गेला. मेंढ्या होत्या मागच्या कुरणात, आणि तिथल्या पाण्याच्या डोणीचा बॉलकॉक तुटला. सुटा भाग यायला आठवडा लागणार होता. तेव्हा मर्लनं मधलं फाटक उघडलं, म्हणजे मेंढ्या पलीकडच्या कुरणातल्या डोणीवर जाऊन पाणी पितील. वाऱ्यानं फाटक लागू नये म्हणून गवताच्या गठ्ठ्यांना येते ती केशरी दोरी घेतली आणि फाटक कुंपणाच्या खांबाला घट्ट बांधून टाकलं.

मंगळवारी तिला शहरात जायचं होतं. मनगटाचा एक्स-रे काढायचा होता, आणि ग्लेनिसचा आग्रह होता की आता येतेसच तर उकाड्याचे तीन दिवस राहा. निघायच्या आधी सकाळी पांढऱ्या गाडीतून एक जोडपं घळीकडे जाऊन आलं होतं. तरुण पोरगा आणि ही एवढी मोठी टोपी घातलेली पोरगी. पोरगी अंगणात उतरली, डोळे मिटले, आणि बोललीच, "किती शांत आहे. उद्या पुन्हा येऊ." मर्लनं उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं ही तिच्या लेखी सभ्यतेची परिसीमा होती.

दुपारी चांगली विजार घालून, केस विंचरून मर्ल निघाली आणि बघते तर आतलं फाटक उघडं. पाचही मेंढे वाटेवर. त्या पाच बथ्थडांना त्या उन्हात, त्या मनगटानं, बहिऱ्या कुत्र्याला हातवारे करून आत घालायला तिला सव्वा तास लागला. केस विस्कटले, विजारीला काटे लागले, आणि तोंड जे सुरू झालं ते बंद होईना. तिनं आतलं फाटक लावलं ते असं आदळून की बिजागरी कण्हली. मग ती त्या जोडप्याला, त्यांच्या आईबापांना, त्यांना वाहन चालवायचा परवाना देणाऱ्याला आणि टोप्या शिवणाऱ्या कारखान्याला शिव्या घालत शहराकडे गेली.

शुक्रवारी सकाळी ती परत आली. मधलं फाटक लावलेलं होतं.

मेंढीला पाण्याचा वास येतो. वाट बंद असली तरी ती तिथंच येऊन उभी राहते, आणि मागून दुसरी येते, आणि तिच्या मागून तिसरी. एकतीस मेंढ्या फाटकाला टेकून मेल्या होत्या. बाकीच्या उभ्या होत्या, पण उभ्या म्हणायच्या इतकंच. मर्लनं फाटक ढकललं तर ते मेलेल्या मेंढ्यांना अडलं. तिनं एकेकीचे पाय धरून, मोडक्या मनगटानं ओढून, वाट केली. मग ती त्या धुळीत बसली आणि मोठ्यानं रडली. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून नव्हे, असतं तरी रडली असती.

दुपारपर्यंत सगळ्या वॉरिंडीला कळलं. क्लेम ट्रॅक्टर घेऊन आला, खड्डा खणून दिला, आणि परत जाताना एवढंच म्हणाला, "गाडीचा नंबर आहे का तुझ्याकडे?" मर्लकडे नव्हता, पण पबच्या दारातल्या कॅमेऱ्यात त्या जोडप्याचा फोटो होता. संध्याकाळी तो गावाच्या फेसबुकच्या पानावर लागला. खाली लोकांनी जे लिहिलं ते इथं देण्यासारखं नाही. निम्मं मर्लच्या तोंडचंच होतं. क्लेम गावाच्या समितीचा अध्यक्ष. त्यानं बुधवारी दुपारी हॉलमध्ये सभा बोलावली. घळीची वाट बाहेरच्यांना बंद करा, असा अर्ज द्यायचा ठरला.

आणि ग्लेनिसचा फोन आला. "आई, मला फार वाईट वाटतंय. या वेळी तुझी काहीसुद्धा चूक नाही. मी वसाहतीत फोन केला, ती खोली दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं. तुझी इतकी दशा झालेली असताना मी ते लावून धरणार नाही." मर्लनं फोन ठेवला आणि किती महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

रविवारी त्या टोपीवालीचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. रडत होती. "आजी, आम्ही नाही केलं हो. आम्ही पुन्हा तिकडे आलोच नाही. आतलं फाटक आमच्याकडून राहिलं असेल, मी खोटं नाही बोलत, ते राहिलं असेल. पण मधलं तर बांधलेलं होतं. दोरीनं. तुमच्या पाटीवर लिहिलंय ना, तसंच ठेवा, म्हणून आम्ही तसंच ठेवलं. मी माझ्या नवऱ्याला म्हटलंसुद्धा, याला हात लावू नकोस."

"मला आजी म्हणू नकोस," म्हणून मर्लनं फोन आपटला. आणि आणखी अर्धा तास एकटीच भांडत बसली. वर तोंड करून खोटं बोलते! मग मधलं फाटक काय भुतानं लावलं?

सोमवारी मर्ल कपडे धुते. यंत्रात टाकायच्या आधी ती सगळे खिसे उलटे करते, कारण खिळे, वॉशर, मेंढ्यांच्या कानातले बिल्ले, काहीही निघतं. चांगल्या विजारीच्या उजव्या खिशात केशरी दोरी होती. नीट चार पदरी गुंडाळी करून, टोक आत खोवून ठेवलेली.

आमच्याकडचं माणूस दोरी टाकत नाही. गठ्ठा सोडला, दोरी खिशात. सैपाकघरात, गाडीत, चर्चमध्ये घालायच्या कोटात, सगळीकडे दोरी सापडते. शहरातल्या माणसानं फाटक सोडलं असतं तर दोरी तिथंच धुळीत पडली असती, किंवा खांबाला लोंबत राहिली असती. चार पदरी गुंडाळी करून टोक आत खोवणारी आख्ख्या जिल्ह्यात एकच बाई होती, आणि ती धुण्याच्या यंत्रासमोर उभी होती.

सगळं एकदम आठवलं असं नाही, तुकड्यातुकड्यानं आठवलं. आतलं फाटक आदळलं तो आवाज. मग मधल्यापाशी गाडी थांबवून उतरणं. तोंडानं त्या पोरीच्या नावानं शिमगा चाललेला, आणि हातांनी गाठ सोडलेली. मेंढ्या दुपारच्या मागच्या कुरणात सावलीला बसलेल्या, समोर उघडं फाटक दिसलं आणि तिनं ते लावलं. पन्नास वर्षं लोकांनी उघडी टाकलेली फाटकं लावत आली होती, त्या दिवशी स्वतःचंही लावलं.

तिला लाज वाटली. आणि लाज वाटते याचा राग आला. चूल पेटलेली होती. दोरी प्लॅस्टिकची, एका क्षणात गेली असती. कोणाला कळणार होतं? गाव तिच्या बाजूनं उभं होतं. ग्लेनिसनं खोली सोडली होती. ती टोपीवाली पुन्हा या मुलखात पाऊलसुद्धा टाकणार नव्हती, आणि टाकलं नाही तर मर्लला आनंदच होता. तिनं चुलीचं दार उघडलं, बंद केलं. दोरी खिडकीत ठेवली. मंगळवारी दिवसभर ती खिडकीकडे पाठ करून वावरली. पुन्हा पुन्हा तिला त्या पोरीचं ते वाक्य ऐकू यायचं, "याला हात लावू नकोस." पाटी वाचून तसं वागलेलं इतक्या वर्षांत तिला ठाऊक असलेलं ते पहिलंच माणूस होतं.

बुधवारी हॉल भरला होता. चाळीस माणसं म्हणजे आमच्याकडे गर्दीच. पंखा फिरत होता, मागं चहाचं भांडं उकळत होतं, बायकांनी खोबऱ्यात घोळवलेले केक आणले होते. ग्लेनिस रजा घेऊन आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. क्लेमनं अर्ज वाचून दाखवला. "हे लोक येतात, आपली फाटकं उघडी टाकतात, आता तर लावायलाही लागले," वगैरे. टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, "मर्ल, तू पहिली सही कर."

मर्ल उठली, टेबलापाशी गेली, आणि पेन न घेता तिनं त्या अर्जावर केशरी दोरी ठेवली.

"हे काय?" क्लेम म्हणाला.

"मधल्या फाटकाची दोरी. माझ्या खिशात सापडली. फाटक मी लावलं."

 पंखा तेवढा कुरकुरत होता.

"मी बांधलं होतं, मीच सोडलं, मीच लावलं. त्या पोरीनं हात लावला नव्हता. एकतीस मेंढ्या मी मारल्या. तिचा तो फोटो आहे ना, तो काढा. आज, आत्ता. चहा प्यायच्या आधी. आणि जे जे काय तिला लिहिलंय ते ज्याला म्हणायचंय त्यानं मला तोंडावर म्हणा. मी इथं उभी आहे."

मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "पण मेंढे तर त्यांनीच सोडले ना?"

"सोडले. त्याच्या शिव्या मी घातल्या, पोटभर घातल्या. त्या मी परत घेत नाही. पण मेंढे सोडल्याबद्दल मेंढ्या मारल्याचं पाप नाही लावायचं. तुम्हाला वाट बंद करायची तर खुशाल करा, पण माझ्या मेंढ्यांच्या नावावर नाही."

क्लेमनं अर्जाची घडी घातली. बराच वेळ घातली. मग म्हणाला, "मागच्या फेब्रुवारीत मी पण एक लावलं होतं. आठ गेल्या. मी डिंगोवर, रानकुत्र्यांवर ढकललं." आणि भराभर चहाकडे गेला. त्याच्या बायकोचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ग्लेनिस बाहेर मर्लच्या गाडीजवळ उभी होती. चार वाजले होते आणि गाडीच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. तिचे डोळे लाल झाले होते.

"का सांगितलंस?" ती म्हणाली. "मी खोली सोडली होती. कोणी विचारत नव्हतं तुला."

"म्हणूनच."

"म्हणजे आता तू शहरात येणार. शब्द दिला होतास."

"दिला होता," मर्ल म्हणाली. "मोडतेय."

 "मोडतेय म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. जा, आत जाऊन सांग सगळ्यांना, मर्ल टॉन्किननं मुलीला दिलेला शब्द मोडला. सगळे जमलेलेच आहेत. मी नाही म्हणणार नाही."

"आई, तू विसरलीस! स्वतःच्या हातानं बांधलेलं फाटक विसरलीस!"

"विसरले नाही. रागावले होते. राग मला विसाव्या वर्षीही असाच यायचा. बापाला विचारलं असतंस तर त्यानं सांगितलं असतं."

"त्यानं मेंढ्यांना काय फरक पडला?"

मर्लनं खाली बघितलं. "काही नाही पडला," ती म्हणाली. "एकेकीचे पाय धरून ओढलंय मी. मला नको सांगूस."

"आणि पुढच्या उन्हाळ्यात?"

"पुढच्या उन्हाळ्यात चुकले तर पुन्हा या हॉलमध्ये उभी राहून सांगेन. पण येईन ती माझ्या घरून येईन, आणि जाईन ती माझ्या घरी जाईन."

ग्लेनिसचा बांध फुटला. बापासारखी ती नेहमी हळू बोलते, पण आता अशी ओरडली की हॉलच्या खिडकीत तीन डोकी दिसली. "एक दिवस तू मला तिथं मेलेली सापडशील! कुठल्यातरी कुंपणापाशी, त्या मेंढ्यांसारखी! मला नाही ते बघायचं, आई! कळतंय का तुला? मला नाही बघायचं!"

 मर्लनं हात पुढं केला, आणि ग्लेनिसच्या गालाला लागलेली धूळ अंगठ्यानं पुसली. पुसता पुसता जरा जोरातच पुसली.

"सापडेन," ती म्हणाली. "असेल तसं बघशील, रडशील, पुरशील. पण त्या खोलीत, ग्लेनिस, दर रविवारी तू फुलं घेऊन येशील आणि मी तुला जिवंत सापडेन. ते तुला बघवणार नाही."

 खिडकीतली डोकी आत गेली. मर्लनं गाडीचं दार उघडलं, तापलेल्या पत्र्याला एक शिवी दिली आणि आत बसली. बॉलकॉकचा सुटा भाग सकाळीच पोस्टात आला होता, आणि अंधार पडायच्या आत तो बसवायचा होता.